दुकानातला हिरा आणि मावळातले ऊन

तुळशीचे लग्न लागले की मावळात माणसांची लग्ने सुरू होतात. सोमाटण्यापासून कामशेतपर्यंत आणि तिथून पुढे लोणावळ्यापर्यंत, जुन्या हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना आणि पवनेच्या जलाशयाच्या काठाकाठाने आता जी हिरवीगार 'लॉन्स' पसरली आहेत, त्यांतल्या कितीतरींच्या जागी एकेकाळी इंद्रायणी भाताची खाचरे होती. द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला, जमिनीला भाव आला, कुणी जमीन विकली, कुणी तिच्यावरच हिरवळ लावून मांडव भाड्याने देऊ लागला. त्याबद्दल आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. माझा आजचा विषय त्यातलाच, पण एक अगदी छोटा, जेमतेम मसुराच्या डाळीएवढा आहे. तो म्हणजे नवरानवरीच्या बोटांतला हिरा.

मावळातल्या शेतकरी घरात हिरा हा पूर्वी ऐकण्याचा दागिना होता, घालण्याचा नव्हे. सोने मात्र असायचे. पुतळ्या, एकदाणी, बोरमाळ, नथ, आणि अडीअडचणीला तेच सोने घेऊन वडगावच्या किंवा तळेगावच्या सराफाकडे जायचे. सोने मोडताना किती घट येणार, हे घरातल्या म्हातारीलाही तोंडपाठ असे. गेल्या काही वर्षांत हे गणित बिघडले. २०२५ च्या एप्रिलमध्ये सोन्याने दहा ग्रॅमला एक लाखाचा आकडा गाठला आणि पाच तोळ्यांचा शब्द दिलेले बाप हबकले. नेमक्या त्याच काळात हिऱ्याचे उलटे चालले होते. खाणीतल्या हिऱ्याचे भाव २०२२ नंतर उतरत गेले, प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्याचे तर कोसळलेच. त्यात २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर एकूण पन्नास टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा सुरत-मुंबईच्या व्यापाऱ्यांना देशी गिऱ्हाईक अधिकच जवळचे वाटू लागले असेल तर त्यात नवल नाही. 'तेवढ्याच पैशात सोन्याऐवजी हिरा' ही भाषा लक्ष्मी रस्त्यावरून चिंचवडला आणि चिंचवडवरून तळेगावला यायला वेळ लागला नाही.

म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. हिरा शेतकऱ्याच्या घरात आला आणि लग्न कार्यालयाच्या ट्यूबलाइटखालून उठून उघड्यावर, उन्हात गेले. यात मोठेसे काही आहे असे मलाही पूर्वी वाटले नव्हते. पण मी तळेगावात राहतो, आयुष्यभर महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले, आणि जुने विद्यार्थी व त्यांचे आईबाप अजून अधूनमधून शंका घेऊन दारात येतात. मागच्या मोसमात अशीच एक शंका आली, ती डबीत ठेवलेली.

पवन मावळातले एक शेतकरी. मुलाचा साखरपुडा भर दुपारी लॉनवर झाला. मुलाने मुलीच्या बोटात हिऱ्याची अंगठी घातली. मुलीची आत्या पुढे झाली, तिने हात उन्हात धरून पाहिला आणि म्हणाली, खडा निळा दिसतोय, आत धूर भरल्यासारखा. ही काच तर नव्हे? तेवढ्यावर मांडवात कुजबुज सुरू झाली. पाहुणे जेवून गेले, पण बोलणी थंडावली. चार दिवसांनी हे गृहस्थ माझ्याकडे आले. अंगठी त्यांनी मुलीकडून परत मागून घेतली होती, आणि ते मागणेच त्यांना फार लागले होते.

"सर, तुमी फिजिक्सचे. खरं काय ते सांगा. दुकानात मी सोता बगितला, पांढरा सफेत होता. मांडवात निळा कसा झाला? दुकानदारानं फसवलं म्हणावं तर सर्टिफिकेट हाय, आन् नाय म्हणावं तर पावण्यांसमोर मान खाली गेली."

मी भिंग काढले. हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला क्रमांक सर्टिफिकेटवरच्या क्रमांकाशी जुळत होता. हिरा नैसर्गिक, रंगाची प्रत चांगली, पैलू उत्तम. आणि खाली, बारीक अक्षरांत, कुणी सहसा वाचत नाही अशा जागी एक ओळ होती : फ्लोरोसन्स, स्ट्राँग ब्लू. हिरा शंभर नंबरी खरा होता. दुकानदाराच्या बिलावर मात्र वजन होते, रंग होता, घडणावळ होती. ही ओळ नव्हती. ती ओळ पाहून किमतीत काही कमी केले होते का, असे मी विचारले. त्या ओळीचा किमतीशी काही संबंध असतो हेच त्या गृहस्थांना कुणी सांगितले नव्हते.

या एका ओळीत दोन प्रश्न आहेत. खरा हिरा उन्हात निळा का दिसतो, हा पहिला. आणि तो निळा दिसतो म्हणून बाजार त्याची किंमत कमी का करतो, आणि केलेली कपात गिऱ्हाइकापर्यंत पोचते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर निसर्गात आहे, दुसऱ्याचे माणसांच्या व्यवहारात, आणि म्हणून दुसरे अधिक गुंतागुंतीचे आहे.

पहिला प्रश्न समजायला हिऱ्यापेक्षा पांढरा सदरा बरा. आपल्या आयांनी धुतलेल्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात टिनोपाल किंवा रानीपाल घातलेले वाचकांना आठवत असेल. जुना सदरा पिवळट पडलेला असतो. त्यावर ही पूड बसली की ती उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून घेते आणि त्यांचा निळसर प्रकाश करून बाहेर टाकते. निळ्याने पिवळा झाकला जातो आणि सदरा पांढराशुभ्र दिसतो. तोच सदरा रात्री साध्या दिव्याखाली पाहा, पुन्हा पिवळट. नीळ घातलेल्या कपड्याचे असे नसते, कारण नीळ हा नुसता रंग आहे, तो दिवसारात्री सारखाच.

हिऱ्यातली टिनोपाल म्हणजे नायट्रोजन. हिरा शुद्ध कार्बन असे आपण शाळेत शिकलो, पण बहुतेक हिऱ्यांत थोडा नायट्रोजन मिसळलेला असतो आणि त्याच्यामुळेच हिऱ्याला पिवळट झाक येते. पृथ्वीच्या पोटात दीडशे किलोमीटर आणि त्याहून खोल, प्रचंड उष्णतेत कोट्यवधी वर्षे राहिल्यावर हे नायट्रोजनचे अणू सरकत सरकत एकमेकांजवळ येतात. एका रिकाम्या जागेभोवती तीन अणू जमले की असे तिकूट अतिनील किरण शोषून निळा प्रकाश देते. एकंदर हिऱ्यांपैकी सुमारे पाव ते एकतृतीयांश हिऱ्यांत कमीअधिक प्रमाणात हा गुण असतो, आणि त्यांतल्या शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक हिऱ्यांचा उजेड निळाच असतो. पुस्तकी मराठीत याला प्रतिदीप्ती म्हणतात. बाजारात फ्लोरोसन्स म्हणतात, मीही तेच म्हणतो. गंमत अशी की पिवळटपणा देणारा आणि तो झाकणारा निळा उजेड देणारा, दोघेही नायट्रोजनच.

आता दुकान आणि लॉन यांतला फरक उलगडतो. दुकानातले पांढरे एलईडी दिवे अतिनील किरण जवळजवळ देतच नाहीत. त्यांचा निळा भाग साधारण ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतो, आणि हिऱ्यातल्या त्या तिकुटाला जागे करायला ४१५ च्या आतला प्रकाश लागतो. तेव्हा दुकानात फ्लोरोसन्स झोपलेला असतो. शिवाय तिथे डोक्यावर पन्नास दिवे असतात, त्यामुळे हिऱ्याच्या प्रत्येक पैलूला कुठला ना कुठला दिवा सापडतो आणि खडा नुसता लखलखतो. लॉनवर डोक्यावर एकच दिवा, सूर्य. पैलू म्हणजे छोटे आरसे. त्यांतल्या एकदोघांत सूर्य सापडतो आणि डोळे दिपवणारी रंगीत ठिणगी उडते. उरलेल्या आरशांत आकाश, मांडवाचे कापड आणि वाकून पाहणाऱ्या आत्याबाईंचे डोके दिसते. म्हणून भर उन्हात कुठलाही हिरा, फ्लोरोसन्स असो वा नसो, दुकानातल्यापेक्षा काळसर भासतो. आणि ज्याच्यात तो गुण जोरदार आहे, त्याच्या या काळसरपणात निळी झाक मिसळते. आत्याबाईंची नजर पक्की होती, निष्कर्ष तेवढा चुकला.

सावलीत चित्र बदलते. ओसरीवर, झाडाखाली, किंवा लोणावळ्याला पावसाळ्यात जसे भुरके ढग डोंगरावर उतरून बसतात तशा उजेडात दृश्य प्रकाश पुष्कळ कमी होतो, अतिनील किरण मात्र त्या मानाने कमी घटतात. निळ्या आकाशाचा आणि ढगांचा विखुरलेला प्रकाश हिऱ्याला चारी बाजूंनी मिळतो. अशा वेळी जोरदार फ्लोरोसन्सचा, किंचित पिवळट प्रतीचा हिरा आपल्या प्रतीपेक्षा पांढरा दिसतो, टिनोपालच्या सदऱ्यासारखा. मला स्वतःला हिरा पाहायला हाच उजेड आवडतो. लोणावळ्याच्या उंच हवेत हिरा जास्त खुलतो असे एका हॉटेलवाल्याने मला मोठ्या अभिमानाने सांगितले होते. उंचीबरोबर अतिनील किरण वाढतात हे खरे, पण हजार मीटरला दहा-बारा टक्के या हिशेबाने; लोणावळा आहे सहाशे-सव्वासहाशे मीटरवर. चिक्कीची जाहिरात म्हणून ठीक आहे. एक मात्र ध्यानात ठेवण्यासारखे : द्रुतगती मार्गाने येताना गाडीच्या पुढच्या काचेतून येणाऱ्या उन्हात अंगठी कितीही फिरवून पाहिली तरी फ्लोरोसन्स कळणार नाही, कारण ती दुपदरी काच अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवते. खिडकीच्या साध्या काचेतून ते बऱ्यापैकी आत येतात.

ऊन आणि हिरा या दोहोंचा अभ्यास एकाच व्यक्तीने केला, आणि तीही आपल्या पुण्यात नांदून गेली, हे फार थोड्या पुणेकरांना ठाऊक आहे. अॅना मणी १९१८ साली त्रावणकोरात पीरमेडला जन्मल्या. १९४० मध्ये त्या बंगळूरला सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. रामन यांना तेव्हा हिऱ्यांनी झपाटलेले होते. त्यांच्याकडे सुमारे तीनशे हिरे होते आणि त्यांच्या बहुतेक साऱ्या विद्यार्थ्यांना हिऱ्याच्या कुठल्या ना कुठल्या अंगावर काम करावे लागे. अॅना मणींच्या वाट्याला हिऱ्यांची आणि माणकांची दीप्ती आली. तीसहून अधिक हिऱ्यांचे वर्णपट त्यांनी टिपले. हिरा द्रवरूप हवेच्या तापमानापर्यंत थंड करायचा, त्यावर प्रकाश टाकायचा, आणि त्यातून निघणारा अंधूक उजेड फोटोच्या काचेवर उमटावा म्हणून पंधरा-वीस तास थांबायचे. त्या रात्रीच्या रात्री प्रयोगशाळेतच राहत. ४१५ नॅनोमीटरजवळची जी रेषा आज जगभरच्या हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळा पाहतात, ती त्यांच्या या कामात पुन्हा पुन्हा येते. रामन यांचे मत असे होते की हा उजेड हिऱ्याच्या मूळ घडणीतलाच आहे, भेसळीचा नव्हे. हिऱ्यात नायट्रोजन असतो हे १९५९ साली कैसर आणि बाँड या दोघांनी दाखवून दिल्यावर ते मत मागे पडले. मणींनी घेतलेली मोजमापे मात्र मोजमापे म्हणून उरली.

१९४५ मध्ये त्यांनी मद्रास विद्यापीठाला प्रबंध सादर केला. एम. एस्सी. नाही या कारणावरून विद्यापीठाने पीएच. डी. नाकारली. मग त्या लंडनला गेल्या, हवामानाची उपकरणे शिकल्या, आणि १९४८ मध्ये परत येऊन पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या, म्हणजे शिवाजीनगरच्या ज्या चौकाला आपण सिमला ऑफिस म्हणतो तिथे. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात सूर्यप्रकाश मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे देशभर उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. भारतातल्या उन्हाच्या मोजमापांवरचे त्यांचे ग्रंथ १९८० आणि १९८१ साली निघाले, आणि सौरऊर्जेची आखणी करणारे त्यांचा आधार घेत आले. हिऱ्यातला कणभर उजेड टिपायला रात्र जागवणाऱ्या बाईंनी पुढे साऱ्या देशाच्या उन्हाचा हिशेब मांडला. २००१ मध्ये त्या वारल्या.

असो. आता दुसरा, पैशाचा प्रश्न.

हिऱ्याची निळी झाक हा दोष आहे असे निसर्गाने कुठे लिहून ठेवलेले नाही. उलट विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'ब्लू-व्हाइट' हिरा म्हणजे पाणीदार हिऱ्याचा शिरोमणी मानला जाई, आणि आपल्याकडच्या जुन्या जाणत्यांच्या तोंडीही तो शब्द अजून आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या यागर्सफाँटेन खाणीतल्या अशा खड्यांवरून 'यागर' ही प्रतच पडली होती. इतका तो शब्द सैल वापरला जाऊ लागला की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला १९३८ साली नियम करावा लागला. उत्तरेकडून येणाऱ्या साध्या दिवसाच्या उजेडात ज्या हिऱ्यात निळ्याखेरीज दुसऱ्या रंगाची छटा दिसते, त्याला ब्लू-व्हाइट म्हणता येणार नाही, असा तो नियम. यातला 'उत्तरेकडचा उजेड' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. हिरा पारखण्याची रीत जगभर हीच होती : उत्तरेची खिडकी, सकाळची वेळ, थेट ऊन नको. त्या रीतीत फ्लोरोसन्स आपोआपच हिशेबात धरला जाई.

पुढे दिवसाच्या उजेडाची जागा दिव्याने घेतली आणि नजरेची जागा सर्टिफिकेटने. १९७० नंतरच्या दशकात हिरा गुंतवणुकीचा माल झाला, डी ते झेड अशा अक्षरांवर सौदे होऊ लागले, आणि १९८० नंतर तो फुगा फुटल्यावर व्यापाऱ्यांना भाव पाडायला एखादे निमित्त हवे होते म्हणा, की निळ्या खड्यांवरचा जुना विश्वास उडाला म्हणा, फ्लोरोसन्सची ओळ वजाबाकीची झाली. आज वरच्या, म्हणजे अगदी रंगहीन प्रतीत जोरदार निळ्या हिऱ्याला दहा-पंधरा टक्के, कधी त्याहून अधिक कमी भाव मिळतो. खालच्या पिवळट प्रतीत ही वजावट पुसट होत जाते, कधी तर उलट चार पैसे जास्तही मिळतात, कारण तिथे निळा उजेड उपयोगी पडतो.

याला दिसण्याचा आधार किती? अमेरिकेतल्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूटने, जिला बाजार जीआयए म्हणून ओळखतो, १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच रंगाच्या पण कमीअधिक फ्लोरोसन्सच्या सहा-सहा हिऱ्यांचे चार संच मांडले आणि व्यापारातल्या जाणकारांना व साध्या माणसांना वेगवेगळ्या उजेडांत पाहायला लावले. साध्या माणसांना फरक सांगता आला नाही. जाणकारांना जो थोडा दिसला तो बहुधा फ्लोरोसन्सच्या बाजूने, म्हणजे समोरून पाहताना जोरदार निळे हिरे अधिक पांढरे वाटले. ज्या धुरकटपणाची एवढी भीती घातली जाते, तो याच संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे फ्लोरोसन्स असलेल्या हजार हिऱ्यांत दोघांतही आढळत नाही. याचा अर्थ असा की हजारांतल्या दोघांच्या दोषाची शिक्षा इतर सगळे भोगतात.

पण दुसरी बाजूही आहे आणि ती दुकानदार सांगणार नाही. रंगाची प्रत ठरवणाऱ्या दिव्यात थोडे अतिनील किरण असतात, कारण तो दिवसाच्या उजेडासारखा असावा असा संकेत आहे. टीकाकार म्हणतात, हिरे आपण पाहतो ते घरात, संध्याकाळी, एलईडीखाली. तिथे फ्लोरोसन्स झोपलेला असतो आणि खरी पिवळट झाक उघडी पडते. मायकेल काउइंग यांनी २०१० साली हा मुद्दा मोजमापांनिशी मांडला : प्रयोगशाळेत हिरा दिव्याच्या अगदी जवळ धरल्याने जोरदार निळ्या खड्याला त्याच्या लायकीपेक्षा वरची प्रत मिळते. मला या वादात टीकाकारांचे म्हणणे बरेचसे पटते. सदरा टिनोपालसकट तोलायचा की धुऊन, हे आधी ठरले पाहिजे. आणि ते ठरत नाही तोवर दोन्ही उजेडांतले दिसणे गिऱ्हाइकाला दाखवले पाहिजे.

इथे प्रयोगशाळेतला हिरा येऊन गोंधळात भर घालतो. २०२३ च्या अर्थसंकल्पात त्याच्या बीजावरचे आयातशुल्क सरकारने काढून टाकले, आयआयटी मद्रासला संशोधनासाठी पैसे दिले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरटचा असा हिरा भेट दिला. हिरा तो, हाही कार्बनच, खोटा नव्हे. पण आज लाखाला घेतला तर उद्या केवढ्याला जाईल याचा काही भरवसा नाही. जीआयएने तर २०२५ च्या ऑक्टोबरपासून अशा हिऱ्यांना डी ते झेड ही अक्षरे देणेच थांबवले आणि 'प्रीमियम', 'स्टँडर्ड' असे ढोबळ शेरे सुरू केले. तेव्हा गिऱ्हाइकाला आता भीती वाटते ती काचेची नाही, खाणीच्या भावात प्रयोगशाळेचा खडा गळ्यात पडण्याची. आणि मग कुणीतरी मोबाइलएवढी निळी टॉर्च काढतो आणि मांडवातच निवाडा देतो.

या टॉर्चबद्दल स्पष्ट सांगायला हवे. टॉर्चखाली हिरा चमकला नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. दोनतृतीयांश खरे हिरे चमकतच नाहीत. चमकला म्हणून खाणीतलाच, असेही नाही. एवढे म्हणता येईल की जोरदार निळा उजेड देणारी नायट्रोजनची तिकुटे जमायला पृथ्वीच्या पोटातला दीर्घ काळ लागतो, आणि काही आठवड्यांत तयार होणाऱ्या हिऱ्यात ती सहसा नसतात; त्यांतले बरेचसे टॉर्चखाली गप्प राहतात किंवा नारिंगी छटा देतात. म्हणजे त्या साखरपुड्यात ज्या निळ्या झाकेने संशय पेटला, ती झाक हिरा खाणीतला असण्याच्या बाजूचीच साक्ष होती. निकाल मात्र प्रयोगशाळेच्या यंत्रांनीच द्यायचा असतो. त्या गृहस्थांना मी हेच सांगितले आणि मुलीच्या आत्याला सर्टिफिकेटची ती ओळ दाखवायला सांगितली. ते गेलेही. पण दुकानात ते बिलावर ही ओळ मागायला गेले तेव्हा 'सर्टिफिकेटवर आहे ना, मग बिलावर कशाला' असे उत्तर मिळाले.

त्यांना मिळालेले हे उत्तर मला साऱ्या प्रकरणाचे मूळ वाटते. सोन्याला २०२१ च्या जूनपासून हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. हिऱ्याला तशी सक्ती नाही. हिऱ्याचे सर्टिफिकेट खाजगी संस्था देतात, ते इंग्रजीत असते, आणि मावळातल्या बापाच्या हातात ते पडते तेव्हा तो त्यातला आकडा आणि शिक्का एवढेच पाहतो. घाऊक बाजारात व्यापारी व्यापाऱ्याकडून घेतो तेव्हा फ्लोरोसन्सची वजावट पैन् पै हिशेबात धरली जाते. तोच खडा किरकोळ दुकानाच्या पेटीत आला की ती वजावट गिऱ्हाइकापर्यंत पोचेलच याची कुठलीही हमी नाही. आणि अडचणीच्या दिवशी तोच बाप अंगठी विकायला गेला, की समोरचा माणूस सगळ्यात आधी तीच ओळ वाचतो. घेताना न दिसणारी आणि विकताना ठळक होणारी अशी ही ओळ आहे. सोन्याच्या घटीचे गणित म्हातारीला येत होते, कारण ते सगळ्यांसमोर होते. हे गणित समोरच्या एकालाच येते.

त्यामुळे माझी मागणी कायद्याच्या मोठ्या ग्रंथाची नाही. बिलावर वजन आणि रंगाशेजारी फ्लोरोसन्सची नोंद मराठीत असावी, आणि हिरा खाणीतला की प्रयोगशाळेतला हेही तिथेच लिहिलेले असावे. विशेषण न लावता नुसता 'हिरा' म्हटले तर तो खाणीतलाच, असा आंतरराष्ट्रीय संकेत २०१५ सालीच ठरला आहे. तळेगाव-लोणावळ्याच्या सराफांनी मनावर घेतले तर यासाठी दिल्लीच्या आदेशाची वाट पाहायचे कारण नाही. आणि ज्यांना विकायचा विचारच नाही, आयुष्यभर बोटात ठेवायचा आहे, त्यांनी या ओळीला भिऊही नये. आय, जे, के या मधल्या प्रतीचा, जोरदार निळा, पण स्वच्छ खडा वजावट घेऊन मिळत असेल तर मी तो आनंदाने घेईन. शेतात, अंगणात, लॉनवर दिवसाउजेडी वावरणाऱ्या माणसाला तो रुपयात सव्वा रुपयाचे रूप देईल. अगदी वरच्या प्रतीचा घेताना मात्र 'व्हेरी स्ट्राँग' असे लिहिले असेल तर धूर आहे का ते पाहावे.

पाहायची रीत सोपी आहे. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास दुकानदाराला खडा दाराशी आणायला सांगावा. खरा व्यापारी नाही म्हणत नाही, फार तर सोबत माणूस पाठवतो. थेट ऊन टाळून छज्जाच्या सावलीत उभे राहावे. पांढऱ्या कागदाची घडी करून तिच्या खाचेत हिरा पालथा ठेवावा आणि कुशीकडून पाहावा, म्हणजे अंगचा रंग कळतो. मग तो सरळ करून समोरून पाहावा, आणि शेवटी क्षणभर उन्हात धरून आत दुधाळपणा येतो का ते बघावे. हेच सगळे पुन्हा आत, एलईडीखाली. दोन्ही ठिकाणी आवडला तर घ्यावा. हे अंगठी घडण्यापूर्वी करायचे; एकदा सोन्याच्या कोंदणात बसला की सोन्याचा पिवळेपणा खड्यात उतरतो आणि मग कुशीकडून काहीच नीट दिसत नाही.